काखेत कळसा आणि बहामाला वळसा

प्रति,
माननीय अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि मुख्य प्रशिक्षक,
पुरुष बास्केटबॉल संघ

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला मराठी येत नाही, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत. इंग्रजीत दोनदा लिहून झालं. दोन्ही वेळा तुमच्या कार्यालयाकडून ‘आपल्यासारख्या निष्ठावान चाहत्यांमुळेच’ अशी सुरुवात असलेलं तेच उत्तर आलं. दुसऱ्या खेपेला तर माझ्या नावाच्या जागी नुसता रिकामा कंस होता. म्हटलं, आता जे वाचतील त्यांच्यासाठी लिहावं. तुमच्या एरिनातल्या सेक्शन 214 च्या आसपास आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं गेली कित्येक वर्षं बसतोय, ती वाचतील. शिवाय तुमच्या इंजिनिअरिंगच्या इमारतीत पुण्या-नागपूरची पोरं ढिगानं आहेत. एखाद्याला समोसे खाऊ घाला, तो भाषांतर करून देईल.

परवा वेळापत्रक आलं. 31 सामने. त्यातले 20 कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या साखळीतल्या विद्यापीठांशी. ते कुणाशी, कुठे आणि किती वाजता हे कॉन्फरन्स आणि टीव्हीवाले ठरवतात, तिथं तुमचं काही चालत नाही. उरले 11, आणि हे 11 मात्र सर्वस्वी तुमच्या हातातले. त्यांचं तुम्ही काय केलंत? सात घरच्या मैदानावर. तीन थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बहामात. एक दोनशे मैलांवरच्या एनबीएच्या अवाढव्य एरिनात, जिथं निम्म्या खुर्च्यांवर पडदे टाकावे लागतात. दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळायचे सामने शून्य. ऑगस्टात स्पेन झालं ते वेगळंच. चाळीस मैलांवरच्या कॉलेजात मात्र तुम्ही शेवटचे कधी गेला होतात, ते आमच्यातल्या सगळ्यात जुन्या तिकीटधारकालाही आठवत नाही. आमच्याकडे याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.

आधी स्पेनबद्दल बोलतो, कारण लोकांचा राग भलतीकडेच निघतो. ‘पोरांना फुकटची सहल’ अशी कुरकुर ऑगस्टात पार्किंगमध्ये मीही ऐकली. माझा त्या दौऱ्याला अजिबात विरोध नाही. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, असा परदेश दौरा चार वर्षांतून एकदाच करू देते आणि त्यासोबत दहा जादा सरावसत्रं देते. खरी कमाई ती दहा सत्रं. एरवी हंगामाच्या पहिल्या सामन्याआधीचे 42 दिवस आणि त्यांत 30 सत्रं, एवढ्यावर भागवावं लागतं. आणि आता खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलच्या जमान्यात दर वसंतात निम्मा संघ उठून दुसरीकडे जातो. आपल्या गेल्या वर्षीच्या पहिल्या पाचातला एकच यंदा उरलाय. अशा बारा-तेरा अनोळखी पोरांना दहा दिवस एका बसमध्ये घातलं की कोण घोरतो, कुणाला पास डाव्या हाताला हवा, हरल्यावर कोण तासभर बोलत नाही, हे सगळं कळतं.

दौऱ्यातला दुसरा सामना मी ऑफिसात, दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून पाहिला. समोर तिथला कुठलासा क्लब. त्यांचा सेंटर चाळिशीला टेकलेला, गुडघ्याला पट्टा, पळताना डुलणारा. पण पोस्टमध्ये पाठ लावून त्यानं आपल्या एकोणीस वर्षांच्या, सहा फूट अकरा इंची पोराला दोनदा असा फिरवला की पोरगा थेट बेसलाइनच्या बाहेर आणि चेंडू जाळीत. तिसऱ्या वेळी पोरगा हलला नाही. पाय रोवून उभा राहिला. हे शिक्षण सरावाच्या कोर्टवर मिळत नाही, ते परक्या माणसाच्या अंगणातच मिळतं. माझं सगळं म्हणणं याच वाक्यात आहे, पण ते तिथून नोव्हेंबरपर्यंत आणायला मला जरा वेळ लागेल.

दौऱ्याचा आणखी एक उपयोग आमच्या लोकांना चटकन कळतो, म्हणून सांगतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला इथं बाहेर कमाई करायची म्हणजे काय दिव्य असतं, हे सेक्शन 214 मधल्या प्रत्येकानं भोगलंय. संघातल्या परदेशी पोरांचंही तेच. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करायला मुभा मिळाली, तरी हे बिचारे व्हिसामुळे कोरडेच. काँगोहून आलेला ऑस्कर शिबवे केंटकी विद्यापीठाचा सर्वोत्तम खेळाडू होता, देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला होता. 2022 च्या ऑगस्टात केंटकीचा संघ बहामाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यानं आपली जाहिरातींची कामं तिथं उरकून घेतली. अमेरिकेच्या बाहेर तो व्हिसा आडवा येत नव्हता ना! ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याची, कागदपत्रं भरून बोटं झिजलेल्या आमच्यातल्या एकानं ही बातमी वाचून फोनवर नुसती शिट्टी वाजवली होती.

तेव्हा दौरे करा. कधी कधी ते अंगाशीही येतात. 2011 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाचा संघ मैत्रीदौरा म्हणून बीजिंगला गेला आणि बायी रॉकेट्स या चिनी संघाबरोबरच्या सामन्यात खुर्च्या फेकण्यापर्यंत मजल गेली, 64-64 अशा बरोबरीवर सामना सोडून द्यावा लागला. पण ते अपवाद.

आता नोव्हेंबर, म्हणजे हंगामाची सुरुवात.

मराठी वाचकांसाठी दोन शब्द: मोठं विद्यापीठ लहान कॉलेजला घरी बोलावतं, त्याबद्दल रोख पैसे देतं आणि परतफेडीला त्यांच्याकडे कधीच जात नाही. याला इथं बाय गेम म्हणतात. दर सामन्याला ऐंशी-नव्वद हजार डॉलर्स हा नेहमीचा भाव. दक्षिणा देऊन बोलावलेले पाहुणे. फक्त त्यांनी जेवायचं नाही, हरायचं. आपल्या घरच्या सातपैकी सहा सामने याच जातीचे आहेत.

गेल्या वर्षी असाच एक मंगळवार. बाहेर बर्फ नव्हता, पण वारा असा की कानशिलं दुखावीत. मध्यंतरालाच आपण 29 नी पुढे होतो. विद्यार्थ्यांचा निम्मा विभाग अभ्यासाचं निमित्त करून उठला. शेवटची सहा मिनिटं उरलेली, आघाडी 38 ची, आणि आपले पहिले पाच अजून मैदानातच. माझ्या लेकीनं विचारलं, ‘बाबा, हे अजून का खेळतायत?’ तिला मी नेट, म्हणजे एनसीएएची संघांची क्रमवारी, समजावून सांगायला लागलो. 2018 मध्ये जुन्या आरपीआयच्या जागी आणलेली ही क्रमवारी नुसती हारजीत पाहत नाही, शंभर पजेशनमागे, म्हणजे चेंडू शंभर वेळा ताब्यात आल्यावर, किती गुण केले आणि किती दिले तेही मोजते. त्यामुळे 38 चे 44 झाले तर फायदाच. ती म्हणाली, ‘म्हणजे गणितासाठी मारतायत.’ मी गप्प बसलो.

सामन्यानंतर गाडी मागच्या बाजूला लावलेली होती म्हणून आम्ही सामान उतरवायच्या दारापाशी आलो. तिथं पाहुण्यांची बस उभी. त्यांच्या संघाचा एक माणूस पिझ्झाचे खोके छातीशी धरून उभा होता, बहुधा सहायक प्रशिक्षक, आणि एकेक पोरगा खोका उघडून दोन दोन तुकडे उचलत बसमध्ये चढत होता. एकजण, ज्यानं पहिल्या अर्ध्यात आपल्यावर सलग तीन थ्री मारल्या होत्या, तो बाहेरच उभ्यानं खात होता, फोन खांद्याला लावून. कुणाला तरी सांगत होता, ‘नाही गं, बरं झालं, पैसे मिळाले ना. नवीन फ्लोअर त्यातून होणार म्हणतायत.’ इंग्रजीत अर्थातच. पण ‘आई’ कळायला भाषा लागत नाही.

मी पुण्यात कॉलेजकडून खेळलो. म्हणजे बेंचवर जास्त. वेस्ट झोनला एकदा स्लीपरच्या डब्यातून गेलो होतो, टॉयलेटशेजारी दोघांत एक बर्थ, आणि उतरल्यावर यजमान कॉलेजनं एका वर्गात बाकं बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं कॅल्क्युलस. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पण सकाळी कोर्ट झाडायला त्यांचीच पोरं खराटे घेऊन आली, आम्हीही त्यांना हात लावला, आणि हरल्यावर त्यांच्या कॅप्टननं आम्हाला कोपऱ्यावर वडापाव खिलवला. पुढच्या वर्षी तेच आमच्याकडे आले. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर, आमच्या वाकड्या रिंगवर. त्यांनी शिव्या घातल्या आणि हरले. फिट्टंफाट. त्या बसपाशी मला हे आठवलं, कारण पिझ्झा खाणाऱ्या त्या पोराच्या कोर्टवर आपला संघ कधीच जाणार नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे हळवेपण झालं, आम्हाला मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेकडे बघावं लागतं. बघा की. हिशेब तुमच्याच बाजूचा आहे. नेटमध्ये घरी पहिल्या 30 तला संघ हरवला तर तो ‘क्वाड वन’चा, म्हणजे चारपैकी पहिल्या गटातला विजय. त्रयस्थ मैदानावर 50 पर्यंतचा चालतो आणि परक्या घरी तर 75 पर्यंतचा. जो संघ घरी बोलावलात तर तिसऱ्या गटात जातो, तोच त्याच्या घरी जाऊन हरवलात तर दुसऱ्यात चढतो. चाळीस मैलांवरचं आपलं शेजारचं कॉलेज चांगल्या वर्षी 130 च्या आसपास असतं. घरी त्याला हरवलं तर तिसरा गट, त्याच्याकडे जाऊन हरवलं तर दुसरा. बसचं डिझेल तेवढं लागेल. त्यांचं वर्ष वाईट गेलं आणि ते 250 वर घसरले, तर मात्र तिथं जिंकून फारसं हाती लागत नाही आणि हरलात तर तो पराभव मार्चपर्यंत कपाळावर. हे मला कळतं. त्या स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीसमोरच्या कागदावर लाल रंगात एक ओळ येईल, या भीतीनं देशातले मोठे संघ घराबाहेर पडत नाहीत.

पण घरी तरी कुठं तुम्ही सुरक्षित आहात? 12 नोव्हेंबर 2019 ला देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या केंटकीनं इव्हान्सव्हिल या लहान विद्यापीठाला 90 हजार डॉलर्स देऊन आपल्या रप एरिनात बोलावलं आणि 67-64 असा पराभव विकत घेतला. इव्हान्सव्हिलचे प्रशिक्षक वॉल्टर मकार्टी म्हणजे केंटकीचेच 1996 च्या विजेत्या संघातले खेळाडू. त्याच इव्हान्सव्हिलनं पुढं आपल्या कॉन्फरन्समध्ये 18 पैकी एकही सामना जिंकला नाही! दोनच आठवड्यांनी नंबर एकवर आलेल्या ड्यूकला स्टीफन एफ. ऑस्टिननं जादा वेळेत 85-83 हरवलं. ड्यूकची घरच्या मैदानावर कॉन्फरन्सबाहेरच्या 150 विजयांची साखळी तुटली. घड्याळ संपता संपता चेंडू घेऊन धावत जाऊन तो शेवटचा ले-अप घालणारा पोरगा नेथन बेन, मूळचा बहामाचा. जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीच डोरियन वादळानं त्याच्या कुटुंबाची वाताहत केली होती. त्या रात्रीनंतर त्याच्या मदतनिधीत अनोळखी माणसांनी एक लाख डॉलर्सहून जास्त टाकले. बहामा म्हटलं की मला तो आठवतो. तुमच्या पोरांना मात्र बहामा म्हटलं की आठवणार आहे हॉटेलचं बॉलरूम. पॅराडाइज बेटावर ती थँक्सगिव्हिंगची स्पर्धा बॉलरूममध्ये फळ्या टाकूनच होते, समुद्र पन्नास पावलांवर असतो, आणि प्रेक्षक बघावेत तर दोन्ही संघांचे देणगीदार.

आता फिलाडेल्फियाची एक गोष्ट सांगतो, मग तुमची सुटका. तिथल्या पाच कॉलेजांनी, पेन, व्हिलानोव्हा, टेंपल, ला साल आणि सेंट जोसेफ्सनी, 1955 मध्ये ठरवलं की कॉन्फरन्स काही असो, दर वर्षी आपण आपसात खेळायचं. बिग फाइव्ह. 2023 मध्ये ड्रेक्सेललाही आत घेतलं. पेनच्या आवारात पॅलेस्ट्रा आहे, 1927 ची इमारत, लाकडी बाकांची. 2018 च्या एप्रिलमध्ये व्हिलानोव्हानं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. तीन वर्षांतलं दुसरं. त्याच डिसेंबरात तो विजेता संघ आपल्याच शहरातल्या पॅलेस्ट्रात जाऊन खेळला आणि पेननं त्यांना 78-75 हरवलं. पेनची पोरं जल्लोष करत कोर्टवर उतरली. आणि मग काय झालं? काही नाही. व्हिलानोव्हानं त्या हंगामात आपली कॉन्फरन्स जिंकली आणि मार्चमध्ये ते यथास्थित स्पर्धेत होते. विजेत्यांना जमतं ते आपल्याला, ज्यांनी अजून विजेतेपद मिळवलेलं नाही, त्यांना जड का जावं?

(भांडणं उकरून काढायची नाहीत, पण केंटकी आणि इंडियाना वर्षानुवर्षं एकमेकांकडे जात-येत होते. 2012 मध्ये एकाला त्रयस्थ मैदान हवं, दुसऱ्याला आपापली आवारं हवीत, एवढ्यावरून मालिका बंद पडली. तिला पुन्हा सुरू व्हायला 2025 उजाडलं. मधल्या काळात दोन्ही गावांत किती पोरं हा सामना न बघता पदवीधर झाली असतील.)

माझी मागणी अगदी लहान आहे. 11 पैकी एक. दर वर्षी एक सामना आपल्याच राज्यातल्या लहान कॉलेजच्या जिममध्ये. त्यांच्या रेफ्रींसमोर, त्यांच्या बँडसमोर. तुम्ही लगेच विचाराल आणि योग्यच विचाराल, की मग त्यांच्या चेकचं काय? त्या लहान कॉलेजांचा खर्च या चेकांवरच चालतो, ते बंद केले तर त्यांचंच नुकसान. म्हणून चेक बंद करा असं मी म्हणतच नाही. टू-फॉर-वन करा: दोन वर्षं ते आपल्याकडे चेकसकट, तिसऱ्या वर्षी आपण त्यांच्याकडे. अशी तीन कॉलेजं धरलीत की दर वर्षी एकाकडे जाणं होतं. तुमच्या घरच्या सातपैकी एक मंगळवार जाईल. त्या मंगळवारी वरच्या मजल्यावर किती लोक असतात ते मला विचारा, मीच मोजलेत. गेल्या वेळी आमच्या रांगेत आम्ही तिघंच होतो आणि एक आजोबा, तेही झोपलेले.

मोठ्या संघानं लहान ठिकाणी थांबल्यानं काय होतं, याचं एकच उदाहरण देतो. डिसेंबर 1982. राल्फ सॅम्पसनचा व्हर्जिनिया संघ, नंबर एक, एकही सामना न हरलेला, टोकियोहून सामने खेळून घरी परतताना होनोलुलूला उतरला. तिथल्या शामिनाड नावाच्या चिमुकल्या कॉलेजबरोबर एक सामना ठेवलेला होता. सॅम्पसन सात फूट चार इंच. शामिनाड जिंकलं, 77-72. त्या एका रात्रीच्या पुण्याईवर हवाईतल्या माउई बेटावर 1984 पासून माउई इन्व्हिटेशनल ही स्पर्धा सुरू झाली आणि गाजली ती लहाइनातल्या 2,400 खुर्च्यांच्या हॉलमध्ये. आज तुम्ही सगळे ज्या थँक्सगिव्हिंगच्या बेटांवरच्या स्पर्धांच्या मागे धावता, त्यातली ही मोठ्या मानाची. आणि ती उगवली एका दौऱ्यावरून परतताना लहान कॉलेजात केलेल्या मुक्कामातून!

जानेवारीत लेकीला घेऊन त्या चाळीस मैलांवरच्या कॉलेजात गेलो होतो. जिम दोन हजारांच्या आतली, बाकं ओढून बाहेर काढायची. तिकीट आठ डॉलर. पॉपकॉर्नच्या मशीनवर गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक, त्यांनी मीठ जास्त टाकलं आणि माफी म्हणून पुन्हा पिशवी भरून दिली. मध्यंतरात त्यांच्या बेंचवरचाच एक पोरगा रुंद मॉप घेऊन कोर्ट पुसत होता. लेक थेट कोर्टच्या कडेला बसली होती, बुटांच्या करकरण्याइतक्या अंतरावर. एक पास सुटला तो तिच्या मांडीत. तिनं तो परत फेकला आणि चार दिवस घरात तेवढंच सांगत राहिली. पिझ्झावाला तो पोरगा तिथं नव्हता, तो दुसऱ्या कॉलेजचा. पण भिंतीवर एक काचेची चौकट होती, तिच्यात आपल्या विद्यापीठाशी झालेल्या एका जुन्या सामन्याचा स्कोअरशीट, फिकट झालेला. आपण जिंकलो होतो, चार गुणांनी. हरल्याचा कागद त्यांनी जपून ठेवला होता, कारण आपण तिथं गेलो होतो.

सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाचा फॉर्म समोर आहे. तिघांची नावं भरलीत, कार्डाचा नंबर अजून नाही. तो मी भरेनच, तुम्हालाही ते माहीत आहे. पण पुढच्या वर्षी ज्या दिवशी त्या चाळीस मैलांवर जाल, त्या दिवसाची तारीख आधी कळवा. आमच्या मंडळानं गणपतीला भाड्यानं घेतली होती ती स्कूल बस पुन्हा मिळते का, ते मला बघावं लागेल. त्यांच्या पॉपकॉर्नवाल्या प्राध्यापकांनाही जरा आधी सांगून ठेवतो.

आपला,
सेक्शन 214, रांग 18, खुर्च्या 5, 6 आणि 7